जित्या माणसाला कोण उचलतं

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी पहाटे आम्ही कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जमलो तेव्हा तिघे हजर होतो: मी, माझ्या वरच्या मजल्यावरचे शेजारी, आणि बी विंगमधले दातांचे डॉक्टर. प्रत्येकी हजारप्रमाणे तीन हजार रुपये माझ्याकडे जमा झाले. त्यात गाडीचं डिझेल, नाष्टा, होडी लागली तर होडी, आणि उरले तर परत. हिशेब नेहमी माझ्याकडेच असायचा, कारण माझी नोकरीच ती आहे आणि इतर दोघांना त्याचा कंटाळा होता.

सायकलींचा नाद शेजाऱ्यांनी लावला. विमा कंपनीतून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि एक लाख वीस हजारांची डोंगरात चालवायची सायकल आणली. मी किंमत ऐकून गप्प बसलो, तर म्हणाले, "बोला, बोला. मनात भागाकार चाललाय तुमचा." वर्षभरात मीही घेतली, त्यांच्या निम्म्या किमतीची. डॉक्टरांनी घेतली ती दोघांच्या मधली. महिन्यातून एक रविवार आम्ही पानशेतच्या बाजूला जायचो. धरणाच्या भिंतीपाशी गाडी लावायची आणि पाठीमागच्या पाण्याच्या कडेकडेने, गुरांच्या आणि माणसांच्या पायवाटांवरून सायकली हाकायच्या. वर उघडा सडा, नुसतं कातळाचं पठार, मध्ये कारवीचं रान, खाली पाणी. तिथे बोलायला कुणी नसे आणि ऐकायलाही. तिघांनाही ते हवं होतं.

त्या दिवशी आम्ही सडा ओलांडून पलीकडच्या उतारावर होतो. शेजारी पुढे, मी मध्ये, डॉक्टर मागे. उतार फार नव्हता. वाटेत एक मूळ आडवं आलं होतं, पुढचं चाक त्यावर वळलं आणि शेजारी सायकलसकट डावीकडे पडले. पडणं साधं होतं. त्याहून वाईट आम्ही तिघेही पडलो होतो. फक्त हँडलचं टोक त्यांच्या डाव्या बरगडीखाली बसलं. रक्त नाही, खरचटलेलंसुद्धा नाही. ते उठून बसले, पाणी प्याले, सायकलचा रंग कुठे गेला ते पाहिलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"तुम्ही दाबल्यावर कुणाचंही दुखेल. दात सोडून इकडे कशाला आलात?"

"गप्प बसा. चालू नका आता. इथेच थांबा."

"इथे थांबून काय करू, घर बांधू?"

ते चालायला लागले. आम्ही अडवलं नाही असं नाही, पण नीट अडवलं नाही. अर्ध्या तासात उताराच्या तळाशी, वाडीच्या अलीकडच्या आंब्याखाली, ते स्वतःच खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. खांदा दुखतोय म्हणाले, डावा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत रक्तस्राव असावा. दोनेक तासांत ऑपरेशन टेबलवर गेले तर ठीक."

त्या वाडीला गाडीरस्ता नाही. धरण भरलं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं, काही घरं वर सरकली, रस्ता मात्र पलीकडच्याच तीरावर झाला. इकडची माणसं होडीने जातात, नाहीतर डोंगराच्या कुशीतली वाट धरून डांबरी रस्त्यापर्यंत चालतात. त्या दिवशी होडी बाजाराला गेली होती ती दिवेलागणीला परतणार होती. तरणी माणसं पुण्यात नोकरीला. वाडीत होते तीन म्हातारे आणि दोन बायका.

मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डॉक्टर टेकाडावर चढले. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्याला येईल, त्याच्या पुढे येणार नाही, असं कळलं. तोवर त्या पाच जणांनी काही न विचारता एक जाड बांबू आणला, घरातली काळी घोंगडी त्याला दोन्हीकडून बांधली आणि झोळी केली. शेजाऱ्यांना त्यात निजवलं. एक म्हातारा पुढे, एक बाई मागे, बांबू खांद्यावर. उरलेले तिघे बदलीला.

मी पुढे झालो. "मागची बाजू मी घेतो."

त्यांच्यातला सगळ्यात मोठा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला म्हातारा म्हणाला, "तुमी नगा. तुमी म्होरं व्हा, काटं बाजूला करा."

"अहो, मी तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे."

"तुमी यांचे कोन?"

"शेजारी. खालच्या मजल्यावर राहतो."

"म्हंजे घरचंच की. घरच्यानं खांदा द्याचा न्हाई. जिता मानूस हाय त्यो."

झोळीतून शेजारी म्हणाले, "ऐका त्यांचं. तुमच्या खांद्यावर यायची मला घाई नाही." मागची बाई हसली. तेही हसायला गेले, पण पोट आवळलं आणि गप्प झाले.

डॉक्टर टेकाडावरून उतरून आले आणि त्यांनीही हात पुढे केला. त्यांनाही तेच उत्तर. आजारी माणसाला परक्यांनी उचलायचं, घरच्यांनी उचललं की त्याची वाट दुसरीकडे वळते, असं तिथे मानतात. डॉक्टर वैतागले. "वेळ जातोय, आणि हे शकुन काढत बसलेत," असं ते मला हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले. पण वेळ जात नव्हता. ती माणसं आम्हा दोघांपेक्षा भरभर चालत होती. आम्ही सायकली वाडीत टाकून हात मोकळे घेऊन पुढे पळत होतो, फांद्या वाकवत होतो, आणि मला इतकं निरुपयोगी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

वाट पाण्याच्या वरून जाते. डावीकडे सतत ते निळं पाणी. शेजारी मध्येमध्ये बोलत होते. एकदा म्हणाले, सायकल घरी न्याल ना. एकदा विचारलं, "हिला सांगितलंत?" मी म्हटलं, रेंज आली की सांगतो. खरं म्हणजे डॉक्टरांच्या फोनला टेकाडावर रेंज होती. वहिनींना काय सांगायचं ते आम्हाला ठरवता आलं नव्हतं.

दोन ओढे ओलांडले. दुसऱ्यानंतर चढ होता. तो संपल्यावर खिंडीत त्यांनी बदलीसाठी झोळी टेकवली. तिथून डांबरी रस्ता दिसत होता, आणि त्यावर पांढरी गाडीही. मी ओरडून शेजाऱ्यांना सांगितलं, गाडी आली. मोठा म्हातारा झोळीवर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग सरळ झाला, डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला आणि मला म्हणाला,

"आता तुमी या. म्होरं तुमी, मागं डाक्टर."

मला वाटलं, दमले. एवढ्या चढावर दमणारच. मला बरंसुद्धा वाटलं, हे लिहायला हवं. मी म्हटलं, "शेवटी ऐकलंत आमचं," आणि बांबू खांद्यावर घेतला. माझ्या अंदाजापेक्षा ओझं जड होतं. थोडं अंतर गेलो असू, मागून डॉक्टर म्हणाले, "थांबा. खाली ठेवा."

ते गुडघ्यावर बसले, मानेवर बोटं ठेवली, डोळ्याची पापणी उचलली. मग त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

म्हातारा म्हणाला, "म्हनून तर तुमास्नी बोलावलं."

तिथून पुढे त्यांनी बांबूला हात लावला नाही. पाचही जण मागून चालत आले. डॉक्टरांचा पाय दोनदा घसरला, माझा एकदा. मागून हात आला तो आम्हाला सावरायला, झोळीला नाही. घोंगडी शेजाऱ्यांबरोबरच गाडीत गेली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. सरकारी दवाखाना, जबाब, शवविच्छेदन. प्लीहा फाटली होती. सर्जन म्हणाले, पडल्यापडल्या पुण्यात असते तर. डॉक्टर त्यानंतर सायकलवर बसले नाहीत आणि माझ्याशी बोलणंही त्यांनी हळूहळू कमी केलं.

सोसायटीत मात्र एक वाक्य फिरलं. दोन धडधाकट माणसं बरोबर होती आणि बिचाऱ्याला म्हाताऱ्या बायकांनी वाहिलं. लिफ्टमध्ये एक आजोबा मला म्हणाले, "आपण पाठदुखीवर काही घेता का? नाही म्हणजे, उचलणं जमलं नाही म्हणून विचारतो." पुण्यात असल्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं.

वहिनी महिन्याभराने खाली आल्या. बसल्या नाहीत.

"तुम्ही त्यांना उचललं नाहीत, असं म्हणतात. खरं का?"

"आधी नाही. नंतर उचललं."

"नंतर म्हणजे कधी?"

कधी ते सांगायचं म्हणजे ते कधी गेले ते सांगायचं, आणि त्यांना दवाखान्यातून कळलेलं वेगळं होतं. आमच्या डॉक्टरांनी तिथून त्यांना फोनवर सांगितलं होतं की गाडीत बसेपर्यंत ते शुद्धीवर होते. दयेपोटी सांगितलं असेल. पण एकदा सांगितलेलं मी मोडू शकत नव्हतो.

"मला त्या माणसांना भेटायचंय," त्या म्हणाल्या.

मार्चच्या एका सकाळी मी त्यांना घेऊन गेलो. या वेळी होडी होती. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठाला भेगा पडल्या होत्या. मोठा म्हातारा रानात गेला होता. त्याची बायको घरी होती, तीच त्या दिवशी मागच्या खांद्याला होती. तिने वहिनींना ओट्यावर बसवलं, चहा दिला. वहिनींनी विचारलं आणि तिने सगळं सरळ सांगितलं: आंब्याखाली कसे बसले होते, घरच्यांनी खांदा का द्यायचा नाही, वाटेत हसले ते, खिंडीत टेकवलं तेव्हा काय झालं होतं ते. "तुमचं नाव घेत व्हते," ती म्हणाली. "दोनदा."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "खिंडीत."

"हो."

"म्हणजे तुम्ही उचललंत तेव्हा ते नव्हते."

"नव्हते."

त्यांनी पर्स उघडून पाच पाकिटं काढली, प्रत्येकावर सारखीच रक्कम लिहिलेली. म्हातारीने हात मागे घेतले. खांद्याचे पैसे नसतात, म्हणाली. वहिनींनी पुन्हा पुढे केली, तिने पुन्हा नाही म्हटलं. शेवटी तिनेच सांगितलं, घोंगडीचे तेवढे द्या. ते घ्यावेच लागतात. नाहीतर ती आमच्याच घरची राहते, आणि ती आता गेलेल्याची आहे.

वहिनींनी किंमत विचारली. तिने सांगितली ती मला कमी वाटली, पण मी मध्ये बोललो नाही. होडीवाल्याला मी जाताना-येताना मिळून ऐंशी रुपये दिले. घोंगडीचे बावीसशे वहिनींनी म्हातारीच्या हातात दिले.