ऐकून घेण्याची दहा मिनिटं

सुलेखा खांबेटे अमेरिकेला कधीच गेली नाही. तरी सिंगापूरमधल्या, सेरंगूनच्या आमच्या क्लासमध्ये अमेरिकेची शासनपद्धती हा विषय सहा वर्षं तीच शिकवत होती. पुढे तिकडच्या कॉलेजात जाऊ पाहणारी मुलं मे महिन्यात या विषयाची परीक्षा देतात. "अमेरिका न पाहिलेली अमेरिकेची बाई," असं कुणी चेष्टेने म्हणालं की ती शांतपणे सांगायची, "घटना वाचायला व्हिसा लागत नाही."

मी शेजारच्या खोलीत गणित शिकवते. मधली भिंत प्लायवूडची असल्यामुळे तिचा निम्मा विषय मलाही पाठ झालाय. सांगलीच्या कॉलेजात तिने अकरा वर्षं राज्यशास्त्र शिकवलं होतं. नवरा, सुबोध, इथल्या एका आयटी कंपनीत लागला आणि ती त्याच्या मागोमाग आली. सुरुवातीची चार वर्षं नवऱ्यामुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर कामाची परवानगी नव्हती, तेव्हा घरी बसून तिने अमेरिकेची सगळी घटना, दुरुस्त्यांसकट, वहीत मराठीत उतरवून काढली. कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. "माझ्यासाठी. समजलं की नाही ते आपल्या भाषेतच कळतं," ती म्हणाली.

तिच्या वर्गात नऊ मुलं होती. एकदा एका मुलीने, वाक्याच्या शेवटी इथला सवयीचा 'ला' जोडत, तिला विचारलं, "टीचर, प्रेसिडेंटला संसद अडवणार, संसदेला कोर्ट अडवणार. सगळेच नाही म्हणत बसले तर काम कधी होणार ला?"

"घाईत होऊ नये, एवढीच सोय आहे ती," सुलेखाताई म्हणाली. "ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, तो माणूस कितीही चांगला असो, त्याच्या हातात मी माझं मांजरसुद्धा देणार नाही."

मुलं हसली. मीही भिंतीअलीकडे हसले.

गेल्या मार्चमध्ये सराव परीक्षा झाली. वल्लरी नावाची सोळा वर्षांची मुलगी होती, पुंगोल भागात राहणारी. तिचा निबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लाल करून दाखवला: यंत्राकडून लिहून घेतल्याची शक्यता जास्त. क्लासचा मालक निशिकांत हा पूर्वी बँकेत होता. माणूस वाईट नाही, पण निकालाच्या जाहिरातीपुढे त्याला दुसरं काही दिसत नाही. त्याने त्याच दुपारी वल्लरीला क्लासमधून काढल्याची ईमेल तिच्या आईला पाठवली, मुलीचं नाव क्लासच्या ग्रुपमधून काढलं आणि विषय संपवला.

नेमकं त्याच आठवड्यात सुलेखाताईने पाचवी आणि चौदावी दुरुस्ती शिकवली होती. ठरलेली रीत पाळल्याशिवाय सरकारला कुणाचंही जीवन, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येत नाही. आरोप सांगायचा, बाजू ऐकायची, मग निर्णय.

ती ऑफिसात गेली तेव्हा मी हजेरीपत्रक ठेवायला तिथेच उभी होते.

"निशिकांत, वल्लरीला कुणी काही विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आहे ना, ताई."

"रिपोर्ट म्हणजे आरोप झाला. निकाल नव्हे."

"हे बघा, ती दुरुस्ती सरकारला लागू होते. ट्यूशन क्लासला नाही. तुम्हीच शिकवता ना?"

"बरोबर आहे, तुमच्यावर बंधन नाही," ती म्हणाली. "म्हणून तर हुकूम घेऊन आले नाही, विचारायला आलेय. दहा मिनिटं त्या मुलीचं ऐका."

"ही अमेरिका नाहीये, ताई."

"सांगलीतसुद्धा आम्ही पोरांना विचारल्याशिवाय वर्गाबाहेर काढत नव्हतो."

निशिकांतने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपत्रकाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी घाबरले. माझा कामाचा पास नूतनीकरणाला गेला होता, आणि माझी नोकरी त्याच्या सहीवर होती. सुलेखाताई पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी होती, तिला तेवढी भीती नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. पण तिला ती नोकरी माझ्याइतकीच प्रिय होती, हे मला माहीत होतं.

शनिवारी सकाळी ती वल्लरीला घेऊनच आली. आदल्या दिवशी तिने मुलीच्या आईला, अदितीला, फोन केला होता. अदिती म्हणाली होती, "ताई, नको ना तमाशा. दुसरा क्लास बघतो आम्ही." त्यावर सुलेखाताईचं उत्तर असं होतं: "दुसरा क्लास जरूर बघा. पण ती इथून तोंड लपवून जाणार नाही."

वल्लरी नेहमीच्या खुर्चीवर बसली. पाच मिनिटांत निशिकांत दारात. मी माझ्या मुलांना गणितं घालून बाहेर आले.

"ताई, ही मुलगी इथे बसू शकत नाही."

"मग सगळ्यांसमोर सांगा का ते. आणि तिचं ऐकून घ्या. त्यानंतरही काढायचं असेल तर काढा, मी दार उघडून देईन."

नऊ मुलं त्याच्याकडे बघत होती. निशिकांत नाइलाजाने आत आला, पण बसला नाही. सुलेखाताईने निबंध वल्लरीच्या हातात दिला. "यातलं तुझं कुठलं, ते सांग."

वल्लरी म्हणाली, "पहिले तीन परिच्छेद माझे आहेत. शेवटचा नाही. वेळ संपत आला होता, मी फोन काढला." तिने निबंध पालथा घातला. "सॉरी, टीचर."

निशिकांतचा चेहरा उजळला. "झालं समाधान? मी काय म्हणत होतो?"

"हो," सुलेखाताई म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण आवाज नाही. "तिने चूक केली. आता आपल्याला माहीत आहे, कुठली आणि केवढी. मगाशी माहीत नव्हतं. त्या प्रश्नाला शून्य द्या आणि माझ्यासमोर बसवून तिच्याकडून पूर्ण निबंध पुन्हा लिहून घ्या. एका परिच्छेदासाठी वर्षभराचा अभ्यास काढून घेऊ नका."

"नियम म्हणजे नियम."

"कुठे लिहिलाय? दाखवा."

लिहिलेला नव्हताच. निशिकांतने वल्लरीला जायला सांगितलं, आणि सोमवारी सुलेखाताईला. तिने लगेच सांगितलं, "कारण लेखी द्या. आणि माझी बाजू ऐका, कुणी तरी तिसरं माणूस समोर असताना."

तिसरं माणूस म्हणून मी गेले. या वेळी मी हजेरीपत्रक नेलं नाही. ती पंधरा मिनिटं बोलली, सहा वर्षांत कुठल्या मुलाला काय शिकवलं ते नावानिशी. निशिकांत घड्याळ बघत राहिला, पण मधे बोलला नाही. शेवटी तिला काढलंच. कागदावर कारण होतं: 'संस्थेच्या शिस्तीशी विसंगत वर्तन.' तिने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "निदान स्पष्ट लिहिलंय." लिफ्टमध्ये मात्र तिने खालच्याऐवजी वरच्या मजल्याचं बटण दाबलं. मी तिचा हात धरून ठेवला.

नऊपैकी पाच मुलं पुढच्या शनिवारी पुंगोलला तिच्या घरी हजर झाली, वल्लरी धरून. एलआरटीच्या छोट्या ट्रेनने दोन थांबे, मग नवव्या मजल्यावर जेवणाचं टेबल. सुबोधला पोह्यांची बशी घेऊन सोफ्यावर बसावं लागलं. वल्लरीकडून तो निबंध तिने सलग तीन वेळा लिहून घेतला, फोन बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवून. तिसऱ्या वेळी मुलगी चिडून म्हणाली, "मावशी, बास ना ला!" तेव्हा कुठे ती म्हणाली, "आता तू भांडायला लागलीस. आता चालेल."

जुलैत निकाल लागला. वल्लरीला पाचपैकी चार मिळाले. पाच मिळाले असते तर गोष्ट अधिक रंगली असती, पण चार मिळाले. तिने कॉलेजच्या अर्जात ती सराव परीक्षेची हकीकत स्वतःच्या चुकीसकट लिहिली. आईने वगळायला सांगितलं होतं.

या जानेवारीत आमच्या क्लासने पालकांसाठी नवं नियमपत्रक काढलं. त्यात सातव्या क्रमांकावर होतं: 'कोणत्याही विद्यार्थ्यास काढण्यापूर्वी, शक्य असल्यास, त्याची बाजू ऐकून घेतली जाईल.' सुलेखाताईचं नाव कुठेही नव्हतं. मी एक प्रत पुंगोलला घेऊन गेले. वाटलं, तिला आनंद होईल.

तिने चष्मा लावून ते वाचलं, मुलांच्या वह्या तपासायचं लाल पेन उचललं आणि 'शक्य असल्यास' या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली. मग त्याचा फोटो काढून निशिकांतला पाठवला.