लंबकभाऊजींची यादी

आमच्या समोरच्या घरात एक घड्याळजी राहतात. अख्खी इमारत त्यांना लंबक म्हणते, कारण डोक्यात काही अडकलं की हा माणूस हात पाठीमागे बांधून आपल्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून दारापर्यंत हेलकावे खात राहतो. मी शेजारधर्म पाळून तोंडावर भाऊजी म्हणते, पाठीमागे लंबक. मध्यंतरी त्यांनी फरशी झिजवायला घेतली, तेव्हाच मी ओळखलं की यादी आजारी आहे.

यादी म्हणजे मेलिंग लिस्ट. गावोगावचे घड्याळजी तिच्यावर असतात. एकाला जुन्या घड्याळाचं चाक हवं असतं, ते दुसऱ्याच्या खणात धूळ खात पडलेलं असतं. एक मेल टाकली की सगळ्यांना जाते आणि ज्याच्याकडे माल असेल तो उत्तर देतो. ही यादी भाऊजींनी स्वतः उभी केली आणि ठेवली मात्र सगळ्यांत स्वस्त होस्टिंगवर. म्हणजे काय, ते मला त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी समजावलं. एका सर्व्हरवर शेकडो भाडेकरू आणि सगळ्यांत मिळून नळ एकच. कुणी जास्त उपसा केला की मालक तोटी आवळतो, आणि एकाने घाण केली की बदनामी साऱ्या चाळीची. भाऊजींचं म्हणणं, आपल्याला पाणी लागतंच किती.

यादीचं खरं काम मात्र वेगळंच होतं, जे भाऊजी मेले तरी कबूल करायचे नाहीत. त्यांचा धाकटा भाऊही घड्याळजी, पण दुसऱ्या गावात. वडिलांच्या लेथवरून दोघांचं वाजलं. लेथ म्हणजे घड्याळातले सुईएवढे दांडे वळवायचं यंत्र, बुटांच्या खोक्यात मावेल एवढं. पण भांडण मोठ्या वाड्याएवढं झालं. फोन बंद, येणं-जाणं बंद. यादी तेवढी दोघांनीही सोडली नाही. धाकटा साऱ्या जगाला उद्देशून विचारणार, अमुक स्प्रिंग कुणाकडे आहे का. थोरला साऱ्या जगाला उद्देशून सांगणार, आहे, पाठवतो. स्प्रिंग पोचली की धाकटा साऱ्या जगाचे आभार मानणार. जगाला यातलं काही कळत नसे. वहिनींना कळे, आणि वहिनींना कळलं की मला कळतंच.

तर हा धाकटा अचानक गप्प झाला. कित्येक महिने ना स्प्रिंग, ना आभार. लंबक म्हणाले, रुसला असेल, रुसू दे. पण आतून हलले असावेत, कारण एक दिवस त्यांनी यादीवर टाकलं की वडिलांचा लेथ द्यायचा आहे, जो पहिला मागेल त्याचा. वहिनींनी कपाळाला हात लावला. त्यालाच द्यायचाय तर त्याला फोन करा की, म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "यादीवर टाकलंय. त्याला वाचता येतं."

उत्तर चटकन आलं, पण नव्यानेच सभासद झालेल्या एका गृहस्थाचं. फुकट मिळतंय म्हटल्यावर हा माणूस तुटकी काचही उचलतो. वहिनी त्याला फुकट्याच म्हणतात. रविवारी न्यायला येतो, म्हणाला. शब्द दिलेला, आता नाही कसं म्हणायचं? झालं, लंबक सुरू.

मग त्यांना शंका आली की यादीच बिघडली असेल. त्यांनी सगळ्यांना मेल धाडली, 'चाचणी. दुर्लक्ष करावे.' क्षणात त्यांच्या स्वतःच्या पेटीत पोचली. पुन्हा धाडली, पुन्हा पोचली. मला येतेय म्हणजे सगळ्यांना जातेय, असा त्यांचा हिशेब. तरी खात्रीसाठी होस्टिंगवाल्यांच्या मदतनिसाला चॅटवर गाठलं. त्याने आधी भाऊजी किती मोलाचे ग्राहक आहेत ते सांगितलं, आणि मग ब्राउझर साफ करायला लावला. भाऊजींनी तो इतका मनापासून साफ केला की जतन केलेला पासवर्डही गेला आणि दुपारभर स्वतःच्याच यादीबाहेर उभे राहिले.

आता मीही त्या यादीवर आहे. घरात एक गजराचं घड्याळ आहे, एवढ्या भांडवलावर मी सभासद झाले होते. कुणाचं काय चाललंय ते कळतं. भाऊजी जिन्यापाशी वळत होते, तेव्हा मी दारातून टोमणा मारला.

"मला काढलंत ते बरं केलंत हो भाऊजी. माझी पेटी कशी स्वच्छ असते हल्ली."

लंबक जागच्या जागी थांबला. "काढलं? तुम्हाला चाचणी नाही आली?"

"कसली चाचणी?"

माझा पत्ता 'वाय'ने सुरू होतो. भाऊजींचा 'ए'ने, मुद्दाम पहिला यावा म्हणून घेतलेला. आणि धाकट्याचा 'झेड'ने. भाऊजी आत पळाले आणि या वेळी मदतनिसाला नीट प्रश्न विचारला. तेव्हा तो म्हणाला की या दरात तासाला शंभर मेल जातात, त्यावरच्या आम्ही टाकून देतो. हे आधी का नाही सांगितलं? आपण विचारलं नाहीत.

म्हणजे यादी वर्णानुक्रमे जायची आणि शंभरावर तोटी बंद. दर नव्या सभासदाचं भाऊजी कौतुकाने स्वागत करत होते आणि तेवढाच सख्खा भाऊ मागे ढकलला जात होता. फुकट्या तर 'बी'वाला. वर प्रत्येक चाचणीने त्या तासाचं पाणी संपवलं होतं, ते निराळंच.

सॉफ्टवेअरमध्ये थोड्या थोड्या मेल थांबून थांबून सोडायची सोय पहिल्यापासून होती. ती चालू करून भाऊजींनी लेथची मेल पुन्हा धाडली आणि पुन्हा हेलकावे. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायला तिला दोन तास लागले. उत्तराला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेही साऱ्या जगाला: 'लेथ माझ्या वडिलांचा आहे. रविवारी कुणी येऊ नये. मी शनिवारी येतोय.' फुकट्याने वचनभंगावर चार परिच्छेद लिहिले. यादी बरी झालेली, तेही सगळ्यांना पोचले.

शनिवारी मी दारातच गहू निवडायला बसले. धाकटा वर आला, तोही तसाच, हात पाठीमागे.

"मला यादीतून काढलंस."

"काढलं नव्हतं. शंभरात बसत नव्हतास."

"मग एक फोन करायचास."

"तुला येत नव्हता करायला?"

वहिनी दोघांनाही म्हणाल्या, आत या, शेजारी गहू निवडतायत. दार लागलं. पण दार पातळ आहे म्हणून कळलं, लेथला तेल घातलं नाहीस, घातलंय, मग गंजाचा वास कसला येतोय. मग बराच वेळ लेथचा बारीक कुरकुर आवाज.

निघताना धाकट्याने खोकं काखेत मारलं. भाऊजी म्हणाले, पोचलास की कळव.

संध्याकाळी यादीवरच्या साऱ्या घड्याळजींना एक शब्दाची मेल आली, 'पोचलो.' फुकट्याने विचारलं, कोण पोचलं? त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.