लवंगी हटली नाही

बायंडिंगखान्यात तिला सगळे लवंगी म्हणत. अंगाने काडी, पण जीभ अशी की मुकादमसुद्धा तिच्याशी बोलण्याआधी घसा खाकरायचा. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिशी उलटली आणि तिला आकडी यायला लागली. पहिल्यांदा कोसळली ती सुईदोऱ्यासकट. शुद्धीवर आली तर जीभ चावलेली, आणि भोवती जो तो शहाणपण पाजळतोय. कुणी म्हणे अशक्तपणा, कुणी म्हणे कामचुकारपणा. मग दर महिन्याला तेच. मोठ्या भावाने तर निकालच लावला, आता घरी बस, चारचौघांत शोभा नको.

आकडी पाळीच्या तोंडावरच येते, हे लवंगीच्या ध्यानात आलं होतं. पहिल्या डॉक्टरांना तसं सांगितलं तर ते हसले आणि झोपेच्या गोळ्या लिहून मोकळे झाले. ती चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर ठेवून ती उठली आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या. मग समजावलं, बाईच्या शरीरातलं एक संप्रेरक मेंदूतल्या पेशींना चेतवतं, दुसरं त्यांना शांत ठेवतं. पाळीआधी हे शांत ठेवणारं झपाट्याने उतरतं. आकडीकडे कल असलेल्या मेंदूतल्या पेशी मग एकदम भडकतात.

"म्हणजे मी सोंग करत नव्हते."

"नाही. हा आजार आहे, आणि त्यावर औषध आहे."

कामावर परतली तर मुकादमाने दारातच अडवलं. मालकांना धोका नको होता. न्यायला भाऊही येऊन उभा. कापायच्या यंत्राला हात लावणार नाही, हे तिने आपणहून कबूल केलं. पण शिवणीची जागा सोडायची? ती सगळ्यांदेखत बोलली.

"मला पाळीच्या आधी आकडी येते. खाली काय बघताय? आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका. सावरले की मी परत शिवायला बसेन."

भाऊ कानापर्यंत लाल झाला. खळ लावणाऱ्या मावशींनी गुपचूप आपलं टोकदार कोपऱ्यांचं टेबल तिच्या खुर्चीपासून लांब सरकवलं. मुकादम बाजूला झाला.

औषधाने आकडी कमी झाली, पुरती गेली नाही. पुढे एकदा आली, तेव्हा मुकादमानेच तिला कुशीवर वळवलं. बराच वेळ ती निपचित पडून राहिली, मग उठून पाणी प्यायली. तो म्हणाला, आज घरी जा. तिने अर्धवट शिवलेला फर्मा पुढे ओढला.