इंझोरीचं अर्धं बी

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत कौसाबाईंसाठी एक शाल होती. खरं सांगायचं तर शाल हे नुसतं निमित्त, मी निघालो होतो बी मागायला.

माझी हयात वनस्पतिशास्त्रात गेली. पाच वर्षांपूर्वी इंझोरीच्या कौसाबाईंनी मला त्यांच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पोपटाचं बी दिलं होतं. पोपट म्हणजे तिकडचा वाल. हा जांभळ्या काठाचा, पाण्यावाचून लगडणारा, दुसऱ्या कुणाच्या शेतात मला दिसला नाही. होतं तेवढ्या बियांचे त्यांनी दोन वाटे केले. बी एकाच घरात ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत. एकाकडचं गेलं तरी दुसऱ्याकडचं राहतं.

हीच रीत मी यंदा परदेशात एका परिषदेत सांगितली. पडद्यावर कौसाबाईंची ओंजळ, खाली सूटबूट घातलेला मी. टाळ्या काय विचारता! तिथल्या एका संशोधक बाईंनी थोडं बी मागितलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. परत येऊन बी ओल्या कागदात घातलं, तर एकही दाणा उगवेना. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ओव्हनमध्ये वाळवले. दाबून जपायच्या पानाफुलांबरोबर मी बीसुद्धा भाजून काढलं होतं. कुणा विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

कारंज्याहून मानोऱ्याच्या एसटीत बसलो. निम्मी गाडी पोहरादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची. शेजारच्या आजोबांनी कुठं, कायले (कशाला), सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, संशोधनासाठी. त्यांनी आदरानं खिडकीची जागा दिली आणि मी ती घेतलीसुद्धा. दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन, मध्ये तुरीचे पट्टे. बोलण्याच्या नादात इंझोरीचा थांबा हुकला आणि उन्हातून मैलभर मागं चालत आलो.

कौसाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. मला बघताच सूप बाजूला ठेवून उठल्या. त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, पिशवीवर होती.

"आनलं का सर माह्यं बी?"

मला काही कळेना. त्याच सांगू लागल्या. गेल्या साली झडीत (सततच्या पावसात) कोठीत पाणी शिरलं, पोपटाचं सगळं बी सडलं. "सून रडून राह्यली व्हती. म्या म्हनलं, कायले रडतं वो, अर्धं सरापाशी हाये न."

सुनेनं तोवर ताट आणलं. ज्वारीची भाकर, बेसन (आपलं पिठलं), कांदा. म्हटलं, जेवून झाल्यावर सांगू. काय माणूस आहे मी! त्यांची भाकर पोटभर खाल्ली, हात धुतले आणि मग सांगितलं की बी मेलं. ओव्हनचंही सांगितलं. परिषदेचं मात्र जिभेवर येईना.

कौसाबाईंनी एवढंच विचारलं,

"मंग आता कोनापाशीच नाही?"

"नाही."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सूप ओढलं आणि पुन्हा पाखडायला लागल्या. शाल मी खाटेवर ठेवली. ती कुणी उलगडलीही नाही.

त्या घरातून पाहुणा बियाविना कधी जात नाही. मागे दर खेपेला माझा रुमाल भरून आला होता. आजही सुनेनं बरबटीच्या (चवळीच्या) बियांची पुरचुंडी बांधून ओसरीच्या कडेला ठेवली होती. मी उठलो तशी तिनं ती मला द्यायला उचलली. कौसाबाईंनी तिच्या हातातून ती हळूच काढून घेतली.

"राहू दे. एवढंच हाये."

मग दारापर्यंत आल्या, सांभाळून जाजा म्हणाल्या. लाजेनं मला मान वर करवेना.

घरी आलो तर त्या परदेशी बाईंचं पत्र येऊन पडलेलं : बी कधी पाठवता? पावसानं सडलं, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. खोटंही ठरलं नसतं. दोन दिवस तेच वाक्य मनात घोळवत बसलो. तिसऱ्या दिवशी लिहिलं : ती जात आता कुणाकडेही नाही. कौसाबाईंनी माझ्या भरवशावर ठेवलेलं बी माझ्या हातून मेलं. 'माझ्या हातून' हे शब्द दोनदा खोडले, दोनदा परत लिहिले, आणि पत्र पाठवून दिलं.