फळ्या उतरल्यावरची जिलबी

निकमसाहेबांची आणि माझी ओळख जिलबीवरून झाली, असं सांगितलं तर त्यांना ओळखणारे हसतील. सत्तरच्या दशकात सायखेड्याला शाळेचं बांधकाम चालू होतं. ते इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखाली नवा ओव्हरसियर. स्लॅब टाकला की कंत्राटदाराने नारळ फोडून सगळ्यांना जिलबी वाटायची, ही आमच्या धंद्यातली रीत. मी कागदावर जिलबी घेऊन त्यांच्याकडे गेलो. "फळ्या उतरू द्या, मग बघू," असं म्हणून ते लांब विटांच्या ढिगावर बसले आणि त्यांनी आपला डबा उघडला. हे गृहस्थ शिष्ट आहेत, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढे काँक्रीटला खालून आधार दिलेल्या फळ्या उतरल्या आणि सभागृहाचा बीम खालून पोकळ निघाला. रंगमंच सगळ्यांना दिसावा म्हणून मधला खांब नकाशातून ऐनवेळी काढला होता. बीमची उंची तेवढीच ठेवून त्यात जादा सळ्या कोंबल्या होत्या, त्यांच्यातून काँक्रीट खाली उतरलंच नाही. कंत्राटदार म्हणाले, "गिलावा मारू साहेब, कोणाला दिसतंय?"

"आपल्याला दिसलंय ना," साहेब म्हणाले. "तोडा."

मजूर सुरगाण्याकडचे. त्यांचे मुकादम सोमा पुढे आले. "सायेब, पाऊस आला तं आमची आवणी जाईल." भाताची लावणी हुकली की त्यांचं वर्ष गेलं. साहेब म्हणाले, "चूक नकाशाची, ती तुम्ही का भोगायची? जा घरी."

काम थांबलं. जूनमध्ये मुलं मारुतीच्या देवळात बसली आणि गावाने सगळा राग साहेबांवर काढला. ज्यांच्या घरून जेवणाचं ताट यायचं, तेही त्यांना पाहून मान वळवू लागले. मी शनिवारी एसटीने नाशिकला घरी पळायचो. साहेब टेकू लावलेल्या त्या बीमपाशी शेडमध्ये एकटेच राहायचे. मला ताप भरला तेव्हा त्यांनीच स्टोव्हवर खिचडी करून मला खाऊ घातली. मी विचारलं, "साहेब, इथे करमतं का हो?"

"नाही करमत," ते म्हणाले. "पण त्या दिवशी जिलबी खाल्ली असती, तर तोडा म्हणताना जीभ अडखळली असती."

आवणी आटोपून सोमा परतले, साहेबांसाठी नागलीचं पीठ घेऊन. बीम तोडून खोल केला, नव्याने भरला. दिवाळीनंतर शाळेचं उद्घाटन झालं. त्याचं बोलावणं साहेबांना आलं नाही.

पुढे घोटी, विंचूर, जिथे गेले तिथे हेच, डबा घेऊन लांब बसणं. वहिनी होत्या तोवर निदान घरी पंगत होती. आता साहेब एकटेच जेवतात, आणि ते मला सहन होत नाही.

साहेबांच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीने जेवणाचं विचारलं, मी जिलबी सांगितली. साहेब, पंच्याहत्तरी झाली. तुमच्या फळ्या केव्हाच उतरल्या आहेत आणि आम्ही खालून नीट पाहून घेतलं आहे. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मागणं तर आहेच. पण सत्काराच्या दिवशी डबा आणू नका. पंगतीत माझ्या शेजारचं पान तुमचं आहे.