नॅक्सोसच्या बोटीवर आई

धुळ्याजवळच्या आमच्या गावातून आई पहिल्यांदाच परदेशात आली होती. ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटाकडे जाणारी फेरीबोट वाऱ्याने जोरात डोलू लागली, तेव्हा मीच खुर्ची घट्ट धरून बसले. शेजारची ग्रीक आजी भीतीने रडायलाच लागली. आईने तिचा हात हातात घेतला.

"घाबरू नको बहीन, मी शे ना," आई अहिराणीत म्हणाली, आणि बेट येईपर्यंत तिला आमच्या कापसाचं, सुनांचं, म्हशीचं सांगत राहिली. आजीला एक शब्द कळत नव्हता, पण ती शांत झाली. धक्क्यावर उतरल्यावरही आईचा हात सोडेना.

आजीला घ्यायला आलेल्या मुलाने मला इंग्रजीत विचारलं, "या कोण?"

मी ताठ मानेने सांगितलं, "माझी आई."