अंकलना वाजवून दाखव

उन्हाळी सुटीत सौदीतल्या अल-खोबरमध्ये अंधार पडेपर्यंत पोरांना घराबाहेर काढता येत नाही. इमारतीतली निम्मी कुटुंबं भारतात गेलेली. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला पियानो शिकवणाऱ्या बाईही गोव्याला गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "सुटीत तिला मनाला येईल ते वाजवू द्या. पियानो बंद पडू देऊ नका."

आणि लेक वाजवत होती की! गणपतीत ऐकलेली आरती तिने स्वतःच्या कानाने शोधायला घेतली. एक सूर सापडेना म्हणून अख्खी सकाळ चाचपडत बसली, जेवायलासुद्धा उठेना.

मग शुक्रवार आला. सुटीत इथेच राहिलेली मराठी मंडळी आमच्याकडे जमली. चहा-पोहे झाले की यजमानांच्या पोराने काहीतरी करून दाखवायचं, हा आमच्यातला अलिखित नियम. नवऱ्याने हाक मारली, "बेटा, अंकलना वाजवून दाखव."

तिची आरती सुरू होते न होते तोच विमानाच्या तिकिटांचा विषय निघाला. तिचे सूर त्या गलक्यात बुडाले. संपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "छान! परीक्षेची कुठली ग्रेड झाली? आमची लेक तिसऱ्या ग्रेडची तयारी करतेय." यावर नवरा कसनुसं हसून म्हणाला, "ग्रेड कसली, टाइमपास चाललाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला स्वतःला चारचौघांत दोन वाक्यं बोलायची म्हटली तर घसा कोरडा पडतो, आणि पोरीला मात्र बिस्किटांच्या बशीसारखं पुढे करायचं! तिने पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. आठवडाभर टॅब घेऊन लोळत राहिली.

पुढच्या शुक्रवारी तेच गृहस्थ पुन्हा हजर. "कुठाय आमची पियानोवाली?"

"भाऊजी, आज तुमची पाळी," मी म्हटलं. "रिफायनरीत तुम्ही काय करता ते इथे उभं राहून करून दाखवा. आम्ही मधेमधे बोलू, तुम्ही लक्ष देऊ नका."

"अगं..." नवरा म्हणाला.

"अगं-बिगं काही नाही!"

मंडळी लवकर उठली. नवरा त्यांना सोडायला खाली गेला. लेक खोलीतून डोकावली. "दे लेफ्ट? सगळे गेले?" मी मान डोलावली. तिने झाकण उघडलं, तशी मी हरखून सोफ्यावर बसले. तिचे हात थांबले.

"मम्मा, प्लीज. तू पण नको ऐकू."

मला रडूच कोसळलं. स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि धुतलेल्या कपबश्या पुन्हा धूत राहिले.